वेगही हवा, ओझेही न्यायचे: रोजच्या कामाची सायकल कोणत्या क्रमाने निवडावी

सकाळी कार्यालयात वेळेवर पोचवणारी आणि संध्याकाळी लॅपटॉप, भाजी व पाच किलो दळण घेऊन घरी आणणारी एकच सायकल हवी, असे मनाशी ठरवून दुकानात जाणारे अनेक जण भलतीच सायकल घेऊन येतात आणि दोन-तीन महिन्यांत ती सोसायटीच्या जिन्याखाली धूळ खात पडते. ही चूक बहुधा क्रमाची असते. रंग, गिअरची संख्या आणि डिस्क ब्रेक पाहून सायकल आधी पसंत केली जाते, पैसे दिले जातात, आणि ओझे कुठे ठेवायचे हा प्रश्न त्यानंतर पडतो. तोवर बराच उशीर झालेला असतो, कारण फ्रेमला कॅरिअरची भोके नसतील किंवा मागच्या चाकात स्पोक कमी असतील, तर ते नंतर सहजासहजी बदलता येत नाही.

म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी ओझे, मग रस्ता, मग फ्रेम, चाके, गिअर, आणि शेवटी सायकल. हे मार्गदर्शन ठाणे आणि नवी मुंबईत रोज ८ ते ३० किलोमीटर चालवणाऱ्यांसाठी आहे. सपाट रस्त्यावर ताशी १८ ते २५ किलोमीटरचा टिकाऊ वेग मिळावा आणि ८ ते २० किलोचे ओझे सुखाने नेता यावे, एवढी अपेक्षा यात धरली आहे. २५ किलोंच्या वर नियमित ओझे असेल, तर त्यासाठी मुळातच वेगळ्या बांधणीची मालवाहू सायकल लागते आणि तिच्याकडून वेगाची अपेक्षा ठेवू नये.

पायरी १: ओझ्याचे वजन घरी करा

दुकानात जाण्यापूर्वी एक आठवडा नोंद ठेवा. त्यासाठी वेगळे साधन लागत नाही. घरातल्या वजनकाट्यावर भरलेली पिशवी हातात घेऊन उभे राहा, आकडा लिहा, पिशवी खाली ठेवून पुन्हा उभे राहा, आणि दोन्ही आकड्यांतला फरक लिहून घ्या. अंदाजाने वजन सांगणारा माणूस जवळजवळ नेहमी कमी सांगतो, कारण कुलूप, पंप, पाण्याची बाटली, रेनकोट आणि जेवणाचा डबा या वस्तू त्याच्या हिशेबात येतच नाहीत. माझे रोजचे ‘हलके’ ओझे मला चार किलोचे वाटत असे, पण काट्यावर ते साडेसहा किलो भरले. शनिवारी जांभळी नाक्यावरून किराणा आणला की तेच १४ किलोंवर जाते.

वजनाबरोबर आकारही लिहा. पालेभाजीची जुडी आणि कोबी यांचे वजन फारसे नसते, पण ते जागा खातात. तांदळाची पिशवी लहान असूनही जड असते. दळणाचा डबा उभाच ठेवावा लागतो, नाहीतर झाकणातून पीठ सांडते. कॅरिअर आणि पिशव्यांची निवड या आकारांवरूनच होणार आहे.

आठवड्यातून एकदा तरी जे सर्वांत जड ओझे न्यावे लागते, त्यासाठी सायकल निवडा. वर्षातून दोनदा येणाऱ्या ओझ्यासाठी निवडू नका, त्यासाठी रिक्षा आहे. घरगुती गॅस सिलिंडर हा या हिशेबात नेहमी घुसणारा पाहुणा. त्यात १४.२ किलो गॅस असतो आणि लोखंडासह भरलेला सिलिंडर ३० किलोंच्या आसपास जातो. तो हायब्रिड (रोड बाइक आणि माउंटन बाइक यांच्या मधल्या) सायकलच्या कॅरिअरवर चढवण्याची वस्तू नाही.

आता तीन आकड्यांची बेरीज करा: तुमचे वजन, सर्वांत जड ओझे, आणि सायकलसाठी सरसकट १५ किलो. ७५ किलोचा माणूस आणि १५ किलो ओझे धरले तर बेरीज १०५ किलो होते. हा आकडा पुढे चाक, टायर आणि गिअर या तिन्ही ठिकाणी लागणार आहे.

तपासणी: सायकलच्या वापर-पुस्तिकेत कमाल वजनमर्यादा दिलेली असते. त्यात सायकलचे स्वतःचे वजन धरले आहे की नाही, हे वाचून घ्या. तुमची बेरीज त्या मर्यादेच्या अगदी काठावर येत असेल, तर ती सायकल सोडून द्या.

पायरी २: रस्ता आणि उभी करण्याची जागा लिहून काढा

कागदावर घरापासून कामापर्यंतचा मार्ग तुकड्यांत लिहा आणि प्रत्येक तुकड्यापुढे तीन गोष्टी नोंदवा: चढ, पृष्ठभाग, वारा. वाशी ते बेलापूर पाम बीच मार्ग जवळपास सपाट आणि गुळगुळीत आहे, तेथे अडवतो तो दुपारनंतर खाडीकडून येणारा वारा. घोडबंदर रस्त्यावर उड्डाणपुलांचे चढ, त्यांच्या सांध्यांचे दणके आणि सेवा रस्त्यावरचे खचलेले पेव्हर ब्लॉक हे तिन्ही एकाच फेरीत भेटतात, आणि पुढे गायमुखचा घाट वेगळाच. ठाण्याहून कळव्यामार्गे ऐरोलीला जाणाऱ्याला विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पावसात साचणारे पाणी गृहीत धरावे लागते. उपवनहून येऊरला किंवा बेलापूरच्या पारसिक टेकडीवर राहणाऱ्या माणसाकडे जायचे असेल, तर चढ हीच मुख्य नोंद ठरते.

यात ओझ्याचा परिणाम नेमका कुठे होतो, हे समजून घेणे फार उपयोगाचे आहे, कारण ‘ओझे म्हणजे वेग गेला’ ही समजूत अर्धीच खरी आहे. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी २२ किलोमीटर वेगाने जाताना १५ किलो जास्तीच्या ओझ्यासाठी साधारण ५ ते ६ वॅट जादा शक्ती लागते, म्हणजे फार काही नाही. त्याच रस्त्यावर हवेचा विरोध याच्या कितीतरी पट असतो. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो सोसायला लागणारी शक्ती आठपट. पण दर १०० मीटरला ६ मीटर उंची गाठणाऱ्या चढावर, अवघ्या ताशी ७ किलोमीटर वेगातही, त्याच १५ किलोंसाठी १७ वॅट जादा लागतात. म्हणजे सपाट मार्गावरच्या माणसाने टायर आणि बसण्याची ढब यांकडे लक्ष द्यावे, तर चढाच्या मार्गावरच्या माणसाने गिअरकडे.

उभी करण्याच्या जागेचा विचार लोक विसरतात. नौपाड्यातल्या किंवा सिडकोच्या जुन्या वसाहतींमधल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल, तर रोज उचलावे लागणारे वजन हा तुमचा पहिला निकष आहे, आणि कॅरिअर, मडगार्ड व स्टँड लावल्यावर १३ किलोची सायकल १६ किलोंची होते. लिफ्ट असेल तर तिची आतली उंची आणि खोली मोजा. मागच्या चाकावर उभी केलेली सायकल साधारण १.८ मीटर उंच होते आणि त्या अवस्थेत मागचा लांब मडगार्ड जमिनीला टेकून वाकतो.

पायरी ३: कोणते प्रकार बाद करायचे

येथे वेळ घालवू नका. पुढे सस्पेन्शन असलेली स्वस्त माउंटन बाइक बाद करा. त्या सस्पेन्शनचे वजन साध्या चिमट्यापेक्षा (पुढचे चाक धरणाऱ्या दोन पायांच्या फोर्कपेक्षा) दीड-दोन किलोंनी जास्त असते, उभे राहून पेडल मारताना ते खालीवर होऊन ताकद खाते, आणि त्याला पुढचा कॅरिअर नीट बसत नाही. मागेही सस्पेन्शन असेल तर कॅरिअरची आशाच सोडा. २५ मिलिमीटरच्या टायरची रोड बाइक वेगाला उत्तम आहे, पण बहुतेकींना रुंद टायर, पूर्ण मडगार्ड आणि कॅरिअर या तिन्हींसाठी जागा नसते. जुनी काळी दणकट सायकल ओझे कितीही नेते, मात्र तिचे २० किलोंच्या आसपासचे वजन आणि एकच गिअर चढावर जीव काढतात.

उरतात तीन प्रकार: साध्या चिमट्याची हायब्रिड, लांबच्या प्रवासासाठी बांधलेली टुरिंग सायकल, आणि कॅरिअरची भोके असलेली ग्रॅव्हल बाइक (रुंद टायरची, कच्च्या रस्त्यावरही चालणारी रोड बाइक). बहुतेक वाचकांसाठी साध्या, न हलणाऱ्या चिमट्याची हायब्रिड पुरेशी आहे. दुकानात ‘हायब्रिड’ या नावाखाली सस्पेन्शनवाल्याही ठेवलेल्या असतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, चिमटा डोळ्यांनी पाहा.

पायरी ४: फ्रेमची तपासणी

खाली बसून मागच्या चाकाचा आस जिथे फ्रेमला बसतो तो भाग पाहा. तेथे दोन्ही बाजूंना ५ मिलिमीटरच्या बोल्टसाठी आटे असलेले भोक हवे, शक्यतो दोन: एक कॅरिअरसाठी आणि एक मडगार्डसाठी. आता सीटखाली जिथे दोन बारीक नळ्या मुख्य नळीला मिळतात तेथे पाहा, तिथेही दोन्ही बाजूंना भोके हवीत. ही चार भोके नसतील तर पुढचे काहीही तपासू नका.

दुकानदार अशा वेळी सीटच्या दांड्याला चिमटवून बसवायचा कॅरिअर सुचवतो. तो मी स्वतः घेतला होता, म्हणून हे कळकळीने सांगतो. १२ किलो किराणा घेऊन परतताना गोखले रस्त्यावर एका खड्ड्यात चाक आपटले, कॅरिअरचा चिमटा दांड्यावर गर्रकन फिरला आणि संपूर्ण कॅरिअर डावीकडे वळून पिशवी स्पोकना घासू लागली. मागून बस होती. दांड्यावर चिमट्याने पाडलेला चकचकीत गोल ओरखडा नंतर पाहिला, तेव्हा लक्षात आले की तो चिमटा कित्येक दिवस थोडाथोडा सरकत होता. असे कॅरिअर १० किलोंच्या आतल्या, हलक्या ओझ्यासाठीच ठीक असतात आणि तेही दर आठवड्याला आवळावे लागतात.

दुसरी मोजणी पेडलच्या मधल्या आसापासून मागच्या चाकाच्या आसापर्यंतच्या अंतराची. मोजपट्टी खिशात ठेवाच. हे अंतर ४४० मिलिमीटर किंवा जास्त असेल तर बाजूला लटकणाऱ्या पिशव्यांना टाच लागत नाही. ४२५ ते ४३० असेल आणि तुमचा बूट ९ नंबरच्या वरचा असेल, तर प्रत्येक फेरीत टाच पिशवीवर आपटत राहते. पहिल्या दिवशी ते किरकोळ वाटते, तिसऱ्या दिवशी पाय आपोआप वाकडा पडू लागतो आणि महिन्याने गुडघा दुखतो.

तिसरे, मडगार्डची जागा. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये वर व बाजूंना बोटभर मोकळी जागा हवी. जूनमध्ये सायकल बंद ठेवणार नसाल तर पूर्ण लांबीचे मडगार्ड लागतात, आणि त्यांच्याशिवाय पाठीवरच नव्हे, पिशव्यांवर आणि चेनवरही चिखल उडतो.

फ्रेम कोणत्या धातूची आहे यावर लोक फार वाद घालतात. पोलाद थोडे जड आणि लवचीक, अॅल्युमिनियम हलके आणि ताठ. भोके, लांबी आणि माप बरोबर असेल तर दोन्ही चालतात.

मापासाठी सायकलच्या आडव्या नळीवर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकवून उभे राहा. नळी आणि शरीर यांत ३ ते ५ सेंटिमीटर अंतर हवे. ओझे लादलेली सायकल सिग्नलला थांबवताना हे अंतर फार कामाला येते. सीटची उंची अशी ठेवा की टाच पेडलवर ठेवून पेडल सर्वांत खाली नेल्यावर पाय सरळ होईल.

इशारा: ‘थोडी मोठी आहे, सीट खाली करून देतो’ हे उत्तर मान्य करू नका. सीट खाली केल्याने हँडलपर्यंतचे अंतर फारसे कमी होत नाही.

पायरी ५: चाके आणि टायर

माझ्या मते सगळ्यांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण वेग आणि ओझे यांचा समतोल चाकातच साधला जातो आणि दुकानात चाकाविषयी कोणीही आपणहून बोलत नाही.

मागच्या चाकाचे स्पोक मोजा. वॉल्व्हपासून सुरुवात करा म्हणजे गोंधळ होत नाही. तुमची पायरी १ मधली बेरीज १०० किलोंच्या वर असेल तर ३६ स्पोक उत्तम, ३२ चालतील. २८ किंवा कमी असतील तर ते चाक ओझ्यासाठी नाही. एकूण वजनाचा साधारण ६० टक्के भाग मागच्या चाकावर येतो, आणि मागे पिशव्या लादल्या की हा वाटा आणखी वाढतो. रिम दुहेरी भिंतीची हवी. टायर काढून आत पाहिले की स्पोकची टोके दिसत असतील तर ती एकेरी, आणि त्या टोकांवर दुसरा थर असून त्यात मोठी भोके असतील तर दुहेरी. दुकानदार टायर काढून दाखवत नसेल, तर रिम दुहेरी असल्याचे बिलावर लिहून मागा.

त्यानंतर चाक उचलून फिरवा आणि ब्रेकच्या रबराजवळ किंवा फ्रेमजवळ बोट धरून रिम डावी-उजवीकडे हलते का ते पाहा. हलत असेल तर तिथल्या तिथे आऊट काढून घ्या, म्हणजे स्पोक आवळून-सैल करून चाक सरळ करून घ्या. मग शेजारशेजारचे दोन स्पोक चिमटीत दाबा. चाकाच्या एकाच बाजूच्या सगळ्या स्पोकना साधारण सारखाच ताण जाणवायला हवा. एखादा ढिला लागला तर त्याचा भार शेजारी उचलतात आणि ओझ्याखाली तेच आधी तुटतात.

मागचे हब (चाकाचा मधला भाग) फ्रीव्हीलचे आहे की कॅसेटचे, हे जरूर विचारा; मागच्या दातेरी चकत्या हबवर बसवण्याच्या या दोन पद्धती आहेत. फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचे बेअरिंग बरेच आत असते, त्यामुळे आसाचा लांब तुकडा आधाराशिवाय राहतो आणि ओझ्याखाली खड्ड्यांत आपटून तो वाकतो किंवा तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये बेअरिंग टोकाला असते. साधारणपणे मागे ७ चकत्या असलेल्या स्वस्त सायकलींना फ्रीव्हील आणि ८ किंवा जास्त असलेल्यांना कॅसेट असते. ‘२१ गिअर’ हा फलक मला यासाठीच खटकतो: ३ गुणिले ७ म्हणजे बहुधा फ्रीव्हील.

टायरची रुंदी ३५ ते ४० मिलिमीटर ठेवा. टायरच्या बाजूला ३७-६२२ असा आकडा कोरलेला असतो. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या व्यासाचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ म्हणजेच बाजारातले ७०० सी, आणि २९ इंची म्हणून विकले जाणारे चाकही ६२२ चेच. २७.५ इंचीचे ५८४ आणि माउंटन बाइकच्या २६ इंचीचे ५५९. नवा टायर किंवा ट्यूब घेताना इंचांवर न जाता हे आकडे सांगा, म्हणजे परत जावे लागत नाही. नक्षी मात्र मधोमध गुळगुळीत किंवा बारीक असावी. मोठ्या खड्ड्यांची नक्षी डांबरावर गुरगुरते, वेग खाते आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवर तिचा काही फायदा होत नाही. रुंदीचा खरा फायदा हवेच्या दाबात आहे. टायर रुंद असला की दाब कमी ठेवता येतो, खड्डे सोसले जातात आणि गटारांच्या जाळ्यांच्या फटीत चाक अडकत नाही.

१०५ किलोंच्या बेरजेला ३८ मिलिमीटरच्या टायरमध्ये मागे ५५ ते ६० आणि पुढे ४५ ते ५० पीएसआय येथून सुरुवात करा. टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर कधीच जाऊ नका. अंगठ्याने दाबून केलेला अंदाज या दाबांना चुकतो, म्हणून मापक असलेला पायपंप घ्या.

तपासणी: स्पोक ३२ किंवा ३६, रिम दुहेरी, हब कॅसेटचे, टायर किमान ३५ मिलिमीटर. चारपैकी एकच कमी पडत असेल आणि ते टायर असेल, तर टायर बदलून घ्या. बाकी तिन्हींसाठी दुसरी सायकल पाहा.

पायरी ६: गिअरचा हिशेब

गिअर किती आहेत यापेक्षा सर्वांत हलका गिअर किती हलका आहे, हे ओझ्याच्या सायकलीत निर्णायक असते. हिशेब सोपा आहे. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, गुणिले चाकाचा परीघ. ७००×३५ टायरचा परीघ सुमारे २.१७ मीटर येतो.

पुढे २८ आणि मागे ३२ दाते असतील, तर पेडलच्या एका फेरीत सायकल १.९ मीटर जाते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग ताशी पावणेसात किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चढावर बसल्या जागी पाय फिरवता येतात. रोड बाइकवर पुढे ३४ आणि मागे २८ असतील, तर त्याच ६० फेऱ्यांना ताशी ९ किलोमीटरहून थोडा जास्त वेग ठेवावा लागतो. आता ११० किलोंची बेरीज आणि मघाचा तोच ६ टक्के चढ घ्या. ताशी ७ किलोमीटरला साधारण १४० वॅट लागतात आणि ९ ला १८०. रोज चालवणारा सामान्य माणूस पहिला आकडा काही मिनिटे टिकवू शकतो, दुसऱ्याला उतरून ढकलायला लागतो. पुढे ४४ आणि मागे १८ असलेल्या एका गिअरच्या सायकलीला तर ७ किलोमीटरच्या वेगात पाय जेमतेम मिनिटाला २२ फेऱ्या फिरतात आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो.

यावरून एक सरळ नियम काढता येतो. चढ आणि ओझे दोन्ही असतील, तर पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चकतीच्या दात्यांपेक्षा कमी हवेत. फक्त पाम बीचसारख्या सपाट मार्गावर चालवणार असाल, तर दोन्ही सारखे असले तरी चालेल. वेगाच्या बाजूने चिंता करू नका: पुढे ३८ व मागे १४ आणि मिनिटाला ८० फेऱ्या म्हणजेच ताशी २८ किलोमीटर होतात. ४८ आणि ११ दात्यांची जोडी ओझे घेऊन शहरात क्वचितच लागते.

पायरी ७: ब्रेक

पावसाळ्यात चालवणार असाल तर डिस्क ब्रेक घ्या, कारण रिमवर घासणाऱ्या ब्रेकमध्ये ओला वाळूमिश्रित चिखल अडकून रबर आणि रिम दोन्ही झिजतात. तारेचे डिस्क ब्रेक कोपऱ्यावरच्या कारागिरालाही दुरुस्त करता येतात, तेलाचे जास्त जोरदार असले तरी त्यांना जाणकार हात लागतो. कोरड्या दिवसांपुरतीच सायकल वापरणाऱ्याला चांगले व्ही ब्रेक (रिमवर दोन्ही बाजूंनी दाबणारे) पुरतात.

येथे एक सापळा आहे. मागच्या डिस्क ब्रेकचा जबडा काही फ्रेममध्ये नेमका कॅरिअरच्या पायाच्या वाटेत येतो. मग बोल्टवर लांब नळी घालून कॅरिअर बाहेर सरकवला जातो. बोल्ट जितका बाहेर, तितका त्याच्यावर वाकवणारा ताण जास्त, आणि तो बरोबर फ्रेमच्या तोंडाशी तुटतो. त्यामुळे डिस्क ब्रेकसाठी पाय वळवलेला कॅरिअर घ्या.

पायरी ८: कॅरिअर आणि पिशव्या, सायकलबरोबरच

एकूण रकमेचा साधारण पाचवा भाग कॅरिअर, पिशव्या, मडगार्ड, दिवे, कुलूप आणि पंप यांसाठी आधीच बाजूला काढा. सगळे पैसे सायकलीत घालून मग ओझे पाठीवर घेणारे बरेच दिसतात. ठाण्याच्या दमट हवेत पाठीवरची आठ किलोची सॅक दहा किलोमीटरनंतर शर्ट पिळून काढायला लावते, शिवाय शरीराचा तोल वर नेते.

कॅरिअरवर वजनमर्यादा कोरलेली असते, बऱ्याच चांगल्या कॅरिअरवर ती २५ किलो असते. नळी जाड असावी, खालचे पाय थेट फ्रेमच्या भोकांत बसावेत आणि वरचा पृष्ठभाग जमिनीला समांतर यावा. बोल्टखाली वॉशर आणि शक्य असेल तर आत नायलॉनची कडी असलेले नट घाला, दणक्यांनी साधे नट सुटतात.

ओझे कॅरिअरच्या वर ठेवण्यापेक्षा दोन्ही बाजूंना खाली लटकवणे चांगले. जड वस्तू पिशवीच्या तळाला आणि चाकाच्या आसाच्या रेषेत, डाव्या-उजव्या वजनात एक-दीड किलोहून जास्त फरक नको. तांदूळ डावीकडे, डाळ आणि तेल उजवीकडे, पालेभाजी वर. सगळे ओझे एकाच बाजूला असले की सायकल सरळ चालवण्यासाठी हात सतत हँडल ओढत राहतात आणि ते घरी पोचल्यावर मनगटाला कळते. वरून बांधायला हूक असलेल्या लवचीक दोऱ्यांऐवजी बकल असलेला पट्टा वापरा. दोरीचा हूक सुटला तर तो थेट चाकात जातो.

इशारा: हँडलला पिशवी लटकवू नका. वळताना ती झोका घेते आणि पुढच्या चाकाच्या स्पोकमध्ये अडकली तर चाक जागच्या जागी थांबते, माणूस मात्र पुढे जातो. पुढची टोपली तीन-चार किलोंच्या हलक्या वस्तूंसाठी ठेवा.

स्टँडकडे शेवटी पाहा, पण पाहा जरूर. एका पायाचा स्टँड भरलेल्या पिशव्यांच्या वजनाने खचतो आणि सायकल आडवी होते. पेडलजवळ फ्रेमला सपाट पट्टी असेल तर दोन पायांचा स्टँड लावा. तशी पट्टी नसताना अॅल्युमिनियमच्या बारीक नळीवर स्टँड जोराने आवळला तर नळी चेपते.

पायरी ९: ओझ्यासह चालवून पाहा

रिकाम्या सायकलीची चाचणी काहीही सांगत नाही. दुकानात जाताना घरून एक मजबूत पिशवी आणि पाण्याच्या आठ लिटर भरलेल्या बाटल्या न्या. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे वजन नेमके कळते. कॅरिअर बसवून घ्या, बाटल्या बांधा, आणि किमान वीस मिनिटे चालवा. त्यात एक चढ हवाच. आसपास टेकडी नसेल तर ज्यावर सायकलला मुभा आहे असा उड्डाणपूल पुरतो.

क्रम असा ठेवा. आधी सपाट रस्त्यावर एका हाताने दोन सेकंद चालवा. मागचा भाग शेपटीसारखा डोलत असेल तर कॅरिअर ढिला आहे किंवा फ्रेम ओझ्याला लवचीक पडते. मग चढावर सर्वांत हलक्या गिअरवर बसूनच चढा, उभे राहावे लागले तर गिअर जड आहे. उतारावर दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबून थांबा. शेवटी सायकल हळू चालवत, टाच पिशवीला लागते का आणि टायर मडगार्डला घासतो का, हे कान देऊन ऐका. मग थांबून, मागचे चाक उचलून पेडल हाताने पुढे फिरवले की सगळे आवाज वेगवेगळे ऐकू येतात.

ओझ्यासह चाचणी घेऊ देत नसेल तर दुसरे दुकान पाहा. मी तसे दोनदा केले आणि त्याचा पश्चात्ताप झाला नाही.

पायरी १०: पहिला महिना

नवीन चाकाचे स्पोक पहिल्या काही आठवड्यांत बसतात आणि ढिले होतात. २०० किलोमीटरच्या आसपास झाले की सायकल घेऊन जा, दोन्ही चाकांचा आऊट काढून घ्या आणि कॅरिअरचे चारही बोल्ट पुन्हा आवळून घ्या. हे काम बहुतेक लोक टाळतात, आणि मागचे पहिले स्पोक तुटण्याचे कारण बहुधा हेच असते.

पावसात चालवल्यानंतर चेन कोरड्या फडक्याने पुसा, मगच तेल घाला, आणि दहा मिनिटांनी वरचे जास्तीचे तेल पुन्हा पुसून काढा. खाडीकाठच्या खारट हवेत बाहेर उभ्या राहणाऱ्या सायकलीच्या कॅरिअरच्या बोल्टांना ग्रीस लावलेले नसेल, तर दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ते भोकातच गंजून बसतात आणि काढताना तुटतात. बोल्ट पहिल्यांदा बसवतानाच, आट्यांवर बोटाच्या टोकाएवढे ग्रीस लावून घ्या.

दर रविवारी हवा तपासताना मागच्या चाकाच्या स्पोकवरून एकदा हात फिरवा आणि कॅरिअर धरून सायकल जोराने डावी-उजवीकडे हलवा. ‘कट्’ असा आवाज आला तर त्याच दिवशी बोल्ट शोधून काढा.